वरच्या मजल्यावरचा पिस्ता

म्हैसुरात घरमालकाला घरमालक कोणी म्हणत नाही, ओनर म्हणतात. बोगादीतल्या आमच्या ओनरनी मला वरचा मजला भाड्याने दिला तेव्हा नाव, गाव, नोकरी यातलं काहीही विचारलं नाही. गेटातच उभं करून त्यांनी उजव्या हाताचं बोट जिभेला लावलं, ते माझ्या शर्टाच्या बाहीवर तीनदा घासलं आणि उन्हात धरून पाहिलं. बोट स्वच्छ होतं.

"पक्का आहे," ते म्हणाले. "कधी येता ऱ्हायला?"

शर्ट जुना होता, दोन वर्षं धुऊन धुऊन त्याचा जो काही रंग जायचा तो कऱ्हाडलाच गेला होता, म्हणून मी निभावलो. नवा घालून गेलो असतो तर कुठे राहिलो असतो कोण जाणे.

किल्ली मात्र काकूंनी, म्हणजे ओनरच्या मिसेसनी दिली आणि देताना आवाज उतरवून एक अट घातली. "हे विचारले की वरच्या भिंतींचा रंग कसा आहे, तर पिस्ता म्हणून सांगायचं. दुसरं काही नको. मागचे तिघं पण तसंच सांगत होते." मला काही उलगडा झाला नाही. वर जाऊन दार उघडलं तर चारी भिंती जांभळ्या. फिक्या वगैरे नाहीत, पिकलेल्या जांभळासारख्या गच्च जांभळ्या. त्या खोलीत पहिल्या रात्री मला आपण फळाच्या आत झोपलोय असं वाटत राहिलं.

ओनरना हे माहीत नव्हतं, कारण स्वतः बांधलेल्या घराचा वरचा मजला त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. त्यांना उंचीची भीती. जिना बाहेरून, सोळा पायऱ्यांचा, कठडा बुटका. ते पहिल्या पायरीवर चप्पल काढून ठेवायचे, तेवढाच त्यांचा आणि जिन्याचा संबंध. वास्तुशांतीला वरची पूजा काकूंनी एकटीने केली आणि हे खाली अंगणात हात जोडून "हौदु, हौदु", म्हणजे हो हो, म्हणत होते. घरातला बल्ब गेला तर शेजारच्यांना बोलवावं लागे, कारण ओनर स्टुलावरसुद्धा चढत नसत. मला काही सांगायचं असलं की ते एक लांब काठी घेऊन माझ्या खिडकीच्या ग्रिलवर ठोकायचे. ही काठी पूर्वी उकळत्या रंगात साड्या ढवळायची होती आणि तिच्या टोकाला चाळीस वर्षांचे रंग एकावर एक बसलेले होते.

तीन पिढ्यांपूर्वी म्हैसुरात आलेलं हे रंगाऱ्यांचं मराठी घराणं. ओनरचं स्वतःचं मार्केटमागे जुन्या साड्या पुन्हा रंगवून द्यायचं दुकान होतं. ते बंद करून दहा वर्षं झाली होती, पण बोटाला कोणी सांगितलं नव्हतं. नवं कॅलेंडर आलं की बोट. शेजाऱ्याची नवी कार आली, बोट. एकदा लग्नात त्यांनी नवरदेवाच्या फेट्याला बोट लावलं आणि वधूपित्याकडे पाहून नुसती मान हलवली. त्या माणसाचं जेवणावरचं लक्ष उडालं. "डोळा फसवतो स्वामी, बोट फसवत नाही," असं ते म्हणायचे आणि मग "अल्वा?" असं जोडायचे. अल्वा म्हणजे कानडीत 'हो की नाही'. त्यांच्या दर तिसऱ्या वाक्याला ते शेपूट असे. जगाचे त्यांनी दोनच भाग केले होते, कच्चा आणि पक्का. माणसं, सरकारं, कोपऱ्यावरच्या हॉटेलातलं सांबार, सगळं यातच बसायचं.

जांभळ्यावर त्यांचा विशेष राग होता. "नेरळे म्हणजे रंग नाही, लाल आणि निळ्याचं भांडण आहे. पहिलं लाल पळतो, मग निळा एकटाच रडत बसतो." काकूंची प्रत्येक साडी त्यांनी स्वतः रंगवलेली, लग्नाच्या शालूसकट. "रंगाऱ्याची बायको म्हणजे दुकानाची पाटी," काकू मला म्हणाल्या होत्या. "लहानपणापासून मला नेरळे आवडतो. एक रुमाल पण मिळाला नाही. मग घर बांधलो तेव्हा विचार केली, वर हे येणार नाहीत." पेंटरला त्यांनी माजघरात बोलावून रंग सांगितला होता. ओनर पेंटरला पिस्ता सांगून निश्चिंत झाले होते.

आठवड्यातून एकदा तरी काठी वाजायची. "वर पिस्ता कसा आहे स्वामी? उतरला नाही, अल्वा?"

"नाही, तसाच आहे," मी खिडकीतून सांगायचो. यात खोटं असं काही नव्हतं, तो खरंच तसाच होता.

आता नवसाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. चामुंडीच्या टेकडीला हजारभर पायऱ्या आहेत आणि नवस फेडणारे त्या चढताना एकेका पायरीला हळदकुंकू लावत जातात. बावीस वर्षांपूर्वी ओनर टायफॉइडने बेशुद्ध पडले असताना काकूंनी देवीला सांगितलं, हे उठले की स्वतःच्या पायांनी चढतील आणि स्वतःच्या हातांनी सगळ्या पायऱ्यांना हळदकुंकू लावतील. नवव्या दिवशी ओनर उठून बसले. नवस ऐकला आणि पुन्हा आडवे झाले.

"माझ्या पायांचा नवस तू कसा बोललीस?"

"तुमी शुद्धीत कुठे होता विचारायला?"

हा संवाद गेली बावीस वर्षं दर आषाढात होत होता. ओनर नवसाला नाही म्हणत नसत, हेच तर अवघड होतं. बाजारातलं कुंकू कच्चं म्हणून ते घरी हळदीला चुन्याची निवळी देऊन कुंकू करायचे, डबा भरायचे, रिक्षाने टेकडीच्या पायथ्याशी जायचे, वर बघायचे आणि त्याच रिक्षाने परत यायचे. डबा देवापाशी जायचा. काकू वर्षभर ते कुंकू वापरायच्या. पण त्यांचे स्वतःचे गुडघे आता गेले होते आणि एकदा वाळवणाचे पापड उलटताना त्या मला सरळ म्हणाल्या, "बोलले मी, फेडायचं ह्यांनी. हे चढायच्या आधी मी गेले तर तिथं जाऊन देवीला काय सांगू? माझा नवरा भित्रा आहे म्हणून?" मी पापड उलटू लागलो.

अशा घरात मी गेमिंग कन्सोलचा व्हीआर हेडसेट आणला. एकटा जीव, ऑफिसातून आलो की तो डोक्यावर चढवायचा आणि तास दीड तास तलवारी फिरवायच्या. तिसऱ्या दिवशी काठी वाजली.

"वर काय कुटताय? खाली भिंतीवरची माती पडते."

मी खिडकीतून समजावून सांगितलं, की डोळ्यांवर एक डबा बांधायचा, मग आपण दुसरीकडेच आहोत असं दिसतं. ओनरनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. "म्हणजे डोळ्याला फसवायचं मशीन," ते म्हणाले. "खाली आणा. बघू."

कन्सोल, वायरी, हेडसेट घेऊन मी खालच्या हॉलमध्ये गेलो. ओनर पाय धुऊन, चप्पल बाहेर काढून, देवळात जावं तसे येऊन उभे राहिले. पहिल्यांदा मी त्यांना समुद्राच्या तळाशी नेलं. मासे आले, कासव आलं. ओनर तोंड उघडं टाकून डावीकडे वळले, उजवीकडे वळले आणि एकाएकी बोट जिभेकडे नेलं. हातातला कंट्रोलर नाकावर आपटला. मग त्यांनी ते बोट कासवाच्या पाठीवर घासलं. बोटाला काही लागलं नाही, आणि बोट दिसलंही नाही.

"कासवाचा हिरवा बरा आहे," हेडसेट काढून ते म्हणाले. "पाण्याचा निळा कच्चा. आणखी काय आहे?"

माझी चूक अशी की मी डोंगर चढायचा गेम लावला. कड्याच्या टोकावर उभं राहून सुरुवात होते, हे मी विसरलो होतो. ओनरनी एकदा खाली पाहिलं आणि असा आवाज काढला की काकू गॅस बंद करून धावत आल्या. तोवर हे फरशीवर बसून डायनिंग टेबलाच्या पायाला मिठी मारून होते.

"मी किती वर आहे?" त्यांनी विचारलं.

"जमिनीवर बसलाय," काकू म्हणाल्या.

"ते मला माहीत आहे. किती वर?"

मला वाटलं संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काठी वाजली. "ते झापड आणा," ओनर खालून म्हणाले. राजवाड्यासमोरच्या टांग्याच्या घोड्यांना बांधतात त्यावरून त्यांनी हेडसेटला झापड हे नाव दिलं होतं. "काल खाली बघितलो. मेलो नाही. आज परत बघतो."

पुढचा दीड महिना माझा कन्सोल त्यांच्याच हॉलमध्ये राहिला. ओनर रोज कडा चढायचे. पहिल्या आठवड्यात नुसते उभे राहिले. दुसऱ्या आठवड्यात ते एक, दोन, तीन, चार असं कानडीत मोजत खाली बघू लागले. चारच्या पुढे कधी गेले नाहीत. या काळात घराचं नुकसान म्हणाल तर एक समई वाकली आणि शोकेसमधल्या दसऱ्याच्या बाहुल्यांपैकी लाकडी राजाचं मुंडकं उडालं. काकूंनी ते फेविकॉलने बसवलं. गडबडीत तोंड पाठीमागे बसलं आणि राजा तेव्हापासून भिंतीकडे बघत उभा आहे. काकू यातल्या कशालाही रागावल्या नाहीत. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून नवऱ्याला हवेत हात मारताना बघायच्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते आशेपेक्षा वेगळं काही नव्हतं.

मग एका शुक्रवारी ओनर सोवळं नेसून हॉलमध्ये आले. मागून काकू हळदकुंकवाचं ताट घेऊन. ओनरनी युक्ती काढली होती. झापडातला डोंगर चामुंडीपेक्षा उंच आहे, तो ते चढणार, प्रत्येक धोंड्याला कुंकू लावणार, नवस फिटला. "देवी सगळीकडे असते, अल्वा? मग झापडात नाही?"

काकूंना हे पटलेलं नव्हतं, पण नवरा बावीस वर्षांत पहिल्यांदा नवसासाठी सोवळं नेसला होता. त्यांनी ताट धरलं. ओनरनी हेडसेट चढवला, एका हातात कंट्रोलर घेतला आणि दुसऱ्या हाताने समोरच्या धोंड्यांना कुंकू लावायला सुरुवात केली. पहिला धोंडा म्हणजे फ्रिज होता. दुसरा टीव्ही. तिसरा मी. "बारा, तेरा, चौदा," असं करत त्यांनी सोफा, पडदा, गॅसचं रिकामं सिलिंडर आणि वीजबिलाचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाचा खांदा उरकला. तो बिचारा हात जोडून प्रसादाची वाट बघत उभा राहिला. साठाव्या धोंड्याला काकूंनी ताट खाली ठेवलं.

"साकु," त्या म्हणाल्या. पुरे. "देवी खरी, टायफॉइड खरा, तुमी उठून बसलात ते खरं. मग पायऱ्याच तेवढ्या खोट्या कशा चालतील?"

ओनर हेडसेट तसाच डोळ्यांवर ठेवून उभे राहिले. मला त्यांची फार दया आली, आणि स्वतःच्या कपाळावर अर्धी मूठ कुंकू असताना दया येणं सोपं नसतं.

दोन दिवस काठी वाजली नाही. ओनर म्हणे सकाळीच बाहेर पडायचे आणि राजवाड्यासमोर टांग्यांच्या रांगेपाशी बसून राहायचे. तिसऱ्या दिवशी जिन्याखाली येऊन त्यांनी मला बोलावलं.

"स्वामी, मी चूक केलो. झापड बघायला लावत नाहीत. घोड्याला दिसावं म्हणून लावतात का? दिसू नये म्हणून लावतात. वायर काढा."

मी वायर काढली. ओनरनी बंद हेडसेट डोळ्यांवर बांधला आणि मान ताठ ठेवून उभे राहिले. व्हीआर हेडसेट वापरणाऱ्या प्रत्येकाला त्याची एक खोड माहीत असते. नाकापाशी फट राहते आणि त्यातून उजेड आत येतो. आम्ही ती बुजवायला धडपडतो. त्या फटीतून ओनरना स्वतःचे दोन अंगठे आणि तेवढीच फरशी दिसत होती, बाकी जग बंद.

"एक पायरी दिसते," ते म्हणाले. "मला एकच पाहिजे. दुसरी नकोच."

"मग ह्या जिन्यावर करून बघू," मी म्हणालो, आणि दारातून काकू इतक्या जोरात "नको" म्हणाल्या की ओनर दचकले. "कठडा बुटका आहे," काकूंनी सावरून घेतलं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तो डोंगर चढले की हे सोळा पण चढणार. मग माझा नेरळे दिसणार."

"मग काय करायचं?"

काकूंनी एकदा वर माझ्या खिडकीकडे पाहिलं. "चढू देत," म्हणाल्या. "पण पहिलं देवीच्या पायऱ्या."

मंगळवारी उजाडता उजाडता आम्ही पायथ्याशी होतो. काकू बसने वर पुढे गेल्या होत्या. ओनर सोवळ्यात, डोळ्यांवर माझा हेडसेट, मी मागे डबा आणि ताट घेऊन. ते वाकायचे, फटीतून पायरी शोधायचे, हळद लावायचे, कुंकू लावायचे, नमस्कार करायचे आणि पाय वर टाकायचे. येणारे जाणारे थांबून बघत होते. एका बाईंनी हलक्या आवाजात मला विचारलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठे केलं. एका गृहस्थांना वाटलं, देवस्थानाने दर्शनाची नवी सोय काढली आहे. हे कुठे मिळतं म्हणून ते पन्नास पायऱ्या आमच्या मागे आले. एक माकड खाली बसून नेमकं त्या फटीतून आत डोकावलं आणि ओनरनी त्यालाही कुंकू लावलं. मोजणीत ते धरलं नाही.

अर्ध्याहून वर चढल्यावर मोठा दगडी नंदी आहे, त्याच्यापाशी घोटाळा झाला. तिथे पायऱ्या संपून मध्येच सपाट रस्ता लागतो. ओनर पाय उचलायचे आणि पायरी यायचीच नाही. फटीत नुसतं डांबर. "पायरी कुठे गेली?" ते म्हणाले आणि तिथेच खाली बसले. घाम हेडसेटच्या कडेने गळत होता. मी म्हणालो, फक्त रस्ता आहे, दहा पावलं. ते हलेनात. रिक्षा बोलवा म्हणाले. समोर खरोखरच रिक्षा उभी होती आणि खरं सांगतो, मला वाटलं बसवावं आणि घरी न्यावं. पण वर काकू सकाळपासून उपाशी बसल्या होत्या. मी डबा उघडून ओनरचं बोट कुंकवात बुडवलं आणि रस्त्यावर टेकवलं.

"ही पण पायरीच आहे," मी म्हणालो. "आडवी आहे एवढंच."

ओनरनी बोटाने डांबर चाचपलं. मग तसेच बसल्या बसल्या पुढे सरकले आणि आणखी एक टिळा लावला. नंदीसमोरचा अख्खा रस्ता त्यांनी टिळे लावत, बसून सरकत पार केला. दोन्ही बाजूच्या गाड्या थांबल्या होत्या आणि हॉर्न कोणी वाजवला नाही.

वर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. काकू शेवटच्या पायरीच्या वर, गुडघे चोळत बसल्या होत्या. ओनरनी त्या पायरीला कुंकू लावलं, फटीत काकूंचे पाय दिसले आणि सवयीने त्यांनी त्यांनाही लावलं. काकू रडत होत्या आणि हसतही होत्या. त्यांनी स्वतःच्या हातांनी हेडसेटचा पट्टा सोडवला. ओनरच्या चेहऱ्यावर चौकोनी वळ उठला होता. त्यांनी वळून खाली अख्ख्या म्हैसूरकडे बघितलं, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु," आणि तोंड फिरवलं.

"धुरकट आहे," ते म्हणाले. "कच्चा."

देवीचं दर्शन झालं. उतरताना ते बसमध्ये मधल्या सीटवर झापड बांधून बसले आणि घरापर्यंत घोरत होते.

पुढच्या रविवारी मी चहा टाकत होतो. बाहेर पाऊल वाजलं, थांबलं, पुन्हा वाजलं. मी मोजलं, सोळा. दार उघडून बघतो तर हेडसेट लावलेले ओनर. तो परत करायला ते स्वतः आले होते. "बन्नी, या," मी म्हणालो, दुसरं काय म्हणणार. ते आत आले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि झापड काढलं.

खालून काकूंचा आवाज आला, "हे चढले का?"

ओनरनी एक भिंत बघितली. मग दुसरी. चारी भिंती बघून झाल्यावर माझ्याकडे बघितलं आणि मी चहाकडे. घर बांधून बारा वर्षं आणि चार भाडेकरू, सगळ्यांनी पिस्ता सांगितलेला. मला वाटलं आता सामान बांधायचं. ओनर खिडकीपाशी गेले, जिथे दिवसभर ऊन येतं तिथे. त्यांनी बोट जिभेला लावलं आणि भिंतीवर घासलं. तीनदा नाही, चांगलं दहा-बारा वेळा, जोर लावून. मग ते बोट उन्हात धरलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

हेडसेट माझ्या हातात देऊन ते उघड्या डोळ्यांनी बाहेर जिन्याच्या तोंडाशी गेले. एका हाताने बुटका कठडा घट्ट धरला, स्वच्छ बोट वर केलं आणि खाली अंगणात बघितलं. काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. चारच्या पुढे किती झाले ते मी मोजलं नाही.

"पक्का आहे गं," ओनर म्हणाले. "वर ये."